अर्धा तास तुमचा, अर्धा तास माझा

माझे भावजी चष्मेवाले. घराच्या पुढच्या खोलीत दुकान, मागे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, आणि मधे एक पडदा. पडद्याच्या पुढे भावजी बोलतात आणि पडद्याच्या मागे गप्प असतात. ताईचं लग्न ठरलं तेव्हा आम्ही त्यांना दुकानातच पाहिलं होतं. सगळी फसगत तिथेच झाली.

दुकानातले भावजी बघण्यासारखे असतात. एखादी म्हातारी डोळे तपासायला येते. भावजी तिच्या नाकावर ती जड गोल चौकट चढवतात, एक काच काढतात, दुसरी घालतात आणि विचारतात, "आता बरं, की मगाचं बरं?" म्हातारी म्हणते दोन्ही सारखंच. भावजी पुन्हा पहिली काच घालतात, पुन्हा दुसरी, पुन्हा पहिली. आवाज कणभर चढत नाही. घाई नाही आजी, सावकाश बघा, असं लोण्यासारखं बोलतात. आजी घरी जाऊन सांगते की असा माणूस शोधून सापडायचा नाही. खरंच आहे. आम्हीही पडद्यामागे त्याला बरीच वर्षं शोधत होतो.

पडद्यामागे भावजींचे शब्द ठरलेले. 'हं', 'ठेव', 'नको' आणि 'कुठाय'. सणकले की 'असू दे'. ताईने एकदा खिडकीच्या पडद्यांसाठी दोन कापडं आणली आणि त्यांच्यासमोर धरून विचारलं, यातलं कुठलं बरं? दिवसभर साऱ्या गावाला हेच विचारणारा हा माणूस 'कुठलंही' म्हणाला आणि त्याने वर्तमानपत्राचं पान उलटलं. ताई बोलताना एखादा शब्द आठवायला थांबली, की शब्द आठवेपर्यंत ते खोलीतून गेलेले असायचे. तिची कितीतरी वाक्यं अशी अर्धवट राहिली आहेत. त्यातली काही ती फोनवर मला पुरी करून सांगते.

बरं, तक्रार करावी तर कशाची? दारू नाही, पत्ते नाहीत, हात उगारणं नाही. त्यामुळे ताईचं दुःख कोणाच्या पचनीच पडत नसे. आमची आई तर म्हणायची, बोलत नाही म्हणजे भांडत तरी नाही, नशीब समज. मी रेल्वेच्या चौकशी खिडकीवर नोकरी केलेली बाई. दिवसभर उत्तरं देऊन माझा घसा बसायचा, पण मी म्हणते, एखाद्याने प्रश्न विचारला तर उत्तर द्यावं, एवढं साधं आहे. मला भावजींचा राग येतो तो आजचा नाही.

शेवटी ताईने ठरवलं. तिची लेक दुसऱ्या शहरात नोकरी करते. तिने आईसाठी एक खोली आणि एक कपाट रिकामं करून ठेवलं होतं. ताई जाणार होती ती चार दिवस पाहुणी म्हणून नाही, राहायलाच. परत यायचं नाही, असं तिने मला स्वच्छ सांगितलं आणि रडलीसुद्धा नाही, म्हणून मला ते खरं वाटलं. भावजींना अजून सांगायचं होतं. सांगायला माणूस समोर बसावा लागतो, आणि तो बसत नव्हता, म्हणून जाणं लांबत होतं.

त्याच सुमाराला भावजींच्या डोक्यात जर्मन शिरली.

त्याला कारण त्यांचे थोरले भाऊ. ते एका सहलीतून परदेश बघून आले आणि आल्यापासून घरी येईल त्याला 'नमस्कार', 'धन्यवाद', 'बिल आणा' असं तिकडच्या भाषेत ऐकवू लागले. एवढ्या भांडवलावर ते जेवणाच्या पंगतीत दोन-दोन तास काढत. भावजी लहानपणापासून या भावाच्या सावलीत वाढलेले. घरी आल्यावर त्यांनी लेकीला फोन लावला. स्वतःहून फोन लावला, म्हणून लेक आधी घाबरली. मग तिनेच त्यांना इंटरनेटवरची एक जागा दाखवली. तिथे एकाला दुसऱ्याची भाषा शिकायची आणि दुसऱ्याला पहिल्याची, अशा जोड्या लावून देतात. पैसे द्यायचे नाहीत, घ्यायचे नाहीत. अर्धा तास तुमच्या भाषेत बोलायचं, अर्धा तास माझ्या. भाचीला वाटलं, बाबा निदान कोणाशी तरी बोलतील. आई निघून जाणार हे तिला ठाऊक होतं, म्हणून बिचारीने सोयही करून ठेवली असावी.

त्यांना जोडीला मिळाल्या त्या एक निवृत्त ट्रामचालक बाई. आम्ही त्यांना ट्रामबाई म्हणतो. गालफडं मोठी, केस पुरुषी कापलेले, मागे खिडकीत एक मांजर. आता त्या देशातल्या ट्राम हाकणाऱ्या बाईला आपली भाषा कशाला हवी, असं कोणालाही वाटेल. तर त्यांची सून आपल्याकडची. ती रोज तिच्या आईशी फोनवर तासभर बोलायची. ट्रामबाईंना पक्का संशय होता की तो सगळा तास आपल्यावरच खर्च होतो. नेमकं काय बोलतात ते कळलं पाहिजे, म्हणून या वयात त्या शिकायला बसल्या होत्या. मला ही बाई पहिल्या दिवसापासून आवडली. शिकण्याचं इतकं प्रामाणिक कारण मी कुठल्या पदवीधराकडून ऐकलेलं नाही.

दोघांनी मिळून नियम केले. ज्याची पाळी त्याने पूर्ण वाक्यात बोलायचं, एका शब्दात उत्तर चालायचं नाही. दुसऱ्याने मधे तोंड घालायचं नाही, शब्द आठवेपर्यंत थांबायचं. आणि अर्धा तास संपला की बोलणाऱ्याने विचारायचं, 'माझं काय चुकलं?' मग दुसऱ्याने सगळ्या चुका सांगायच्या आणि पहिल्याने राग न मानता ऐकून घ्यायच्या. हे नियम भावजींनी स्वतःच्या तोंडाने मला सांगितले तेव्हा मी ताईकडे बघितलं. ती भांड्यांच्या फळीकडे बघत होती.

रविवारी दुपारी दुकान बंद असतं. तेव्हा भावजी पडद्याच्या पुढे, गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसायचे, अक्षरांच्या तक्त्याला मोबाइल टेकवून. ताई पडद्याच्या मागे मटार सोलत बसायची. आधी ती बसायची कारण मटार सोलायचे असत. नंतर मटार आणायची कारण बसायचं असे.

कारण तिथे ती जे ऐकत होती ते तिने जन्मात ऐकलं नव्हतं. ट्रामबाई एक वाक्य जुळवायला एवढा वेळ घेत, की तेवढ्यात पाणी उकळलं असतं. भावजी गालावर हात ठेवून बसत. "सावकाश," म्हणत, "घाई नाही." आणि ट्रामबाईंना समजावं म्हणून स्वतःही सोपी, पूर्ण वाक्यं बोलत. आज सकाळी मी उठलो. मग मी चहा प्यायलो. चहा माझ्या बायकोने केला. माझी बायको माझ्या आधी उठते. ती गाणं म्हणत खिडक्या पुसते. तिचा आवाज गोड आहे.

त्या दिवशी ताईचा मला फोन आला. ती कुजबुजत होती. "अगं, माझा आवाज गोड आहे म्हणे."

मी म्हटलं, ताई, शहाणी हो. त्या आठवड्याचा विषय 'माझं कुटुंब' असणार. असली वाक्यं सगळ्यांच्याच कुटुंबात असतात. पुढच्या रविवारी विषय 'बाजार' निघाला आणि भावजींनी तितक्याच मायेने सांगितलं की कांदा चांगला आहे, कांदा ताजा आहे, मला कांदा आवडतो. मी ताईला म्हटलं, बघ, तू आणि कांदा एकाच मापात. ती म्हणाली की कांद्याला ताजा म्हणाले, गोड नाही म्हणाले, तेव्हा फरक आहे. त्या आठवड्यात तिने काढलेलं तिकीट रद्द केलं. भाचीला सांगितलं की गुडघा दुखतोय.

पुढे ते असंच चाललं. तिकीट निघायचं, रविवार यायचा, पडद्यापलीकडून एखादं वाक्य यायचं आणि ताईचा गुडघा दुखायला लागायचा. माझी बायको चांगली माणूस आहे. माझ्या बायकोने माझ्या आईचं सगळं केलं. मी तिला कधी बाहेर फिरायला नेलं नाही. सासूचं केल्याची ही पावती सासू गेल्यावर बऱ्याच वर्षांनी, तीही एका ट्रामचालक बाईच्या नावाने फाटत होती. ताई मटारचे दाणे टरफलांत टाकायची आणि टरफलं भांड्यात.

एकदा तिला वाटलं, आपणही तसंच बोलून बघावं. संध्याकाळी ती त्यांच्यासमोर उभी राहिली आणि ट्रामबाईंसारखी थांबत थांबत म्हणाली, "मी... आता... बाजारात... जाते." भावजींनी मान वर केली, तिच्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, बरं नाही का? एवढंच. मला हे सांगताना ती हसली, पण मला हसू आलं नाही, माझं डोकं तापलं.

भावजींच्या जर्मनचं म्हणाल, तर ती येत होती, पण ट्रामबाईंची येत होती. चाळीस-एक वर्षं ज्या बाईने ट्राम हाकली, तिच्या तोंडात दुसरं काय असणार? थोरल्या भावाकडे जेवण होतं तेव्हा भावाने नेहमीप्रमाणे 'बिल आणा' म्हणून दाखवलं. भावजी उभे राहिले आणि त्यांनी तीन लांबलचक वाक्यं इतक्या गंभीरपणे म्हटली, की सगळी पंगत थांबली. थोरल्या भावाचा चेहरा पडला. त्याने मान डोलावून, वा, फार खोल विचार आहे, असंही म्हटलं, कारण कळलं नाही हे कबूल कसं करणार? घरी येताना ताईने विचारलं की काय बोललात. भावजी म्हणाले, "पुढचा थांबा शेवटचा आहे. दाराला टेकू नका. उतरताना आपलं सामान विसरू नका." ताई सांगते, त्या वाटेवर ते दोघं मिळून हसले. मग घर आलं, त्यांनी कुलूप उघडलं आणि म्हणाले, "कुठाय पाणी?"

शेवटी भाचीच वैतागली. कपाट किती दिवस रिकामं ठेवू, असं तिने विचारलं आणि सोमवारचं तिकीट स्वतःच काढून पाठवलं. ताईनेही मनाशी पक्कं केलं. मला म्हणाली, ते सगळं त्या बाईला सांगतात गं, मला नाही. मी पडद्याआडून किती दिवस ऐकायचं? मी म्हटलं, आता कसं बोललीस. रविवारी दुपारी मी तिची बॅग भरायला गेले. बॅग पलंगावर उघडी होती, आणि भावजींना अजूनही कोणी काही सांगितलेलं नव्हतं. ते पुढे स्टुलावर बसले होते.

त्या दिवशी ट्रामबाईंचं काहीतरी बिनसलं होतं. त्यांची भाषा आता चांगलीच सुधारली होती. आम्हाला पलीकडचं सगळं ऐकू येत होतं. त्या सांगत होत्या की सुनेचं फोनवरचं बोलणं आता त्यांना कळायला लागलं आहे, अगदी शब्दन्‌शब्द. आणि त्यात त्या कुठेच नाहीत. सून आईशी बोलते ती केस गळण्याबद्दल, शेजारणीच्या सोफ्याबद्दल, उशांच्या अभ्र्यांबद्दल. सासूला शिव्या नाहीत, चहाड्या नाहीत, सासूचं नावसुद्धा नाही. एवढी भाषा शिकले आणि ऐकलं काय, तर मी नाहीच, असं म्हणून त्या थांबल्या. मला हसू फुटलं होतं ते तोंडातच राहिलं, कारण ताई हातात घडी केलेली साडी घेऊन तशीच उभी होती.

भावजींनी नेहमीप्रमाणे वाट बघितली. मग ट्रामबाईंनी नाक पुसलं आणि म्हणाल्या, माझं जाऊ दे. तुम्ही तुमच्या बायकोबद्दल सांगा. तिला काय आवडतं?

भावजी म्हणाले, "तिला घर आवडतं."

आणि, असं बाईंनी विचारलं.

"तिला काम आवडतं."

आणि? दार नीट बंद झाल्याशिवाय ट्राम हलवायची नाही, अशा शिस्तीतली ती बाई. भावजींनी 'तिला' म्हटलं आणि ते अडले. बाई थांबल्या. नियमच होता. स्टूल करकरलं, तक्त्यावरची अक्षरं तेवढी समोर होती आणि भावजींना एकही वाक्य सुचेना. शेवटी बाईच म्हणाल्या की ती घरात आहे ना? मग विचारून या. मी थांबते.

पडदा सरकला. भावजी मोबाइल हातात धरून आत आले. मला बघून त्यांनी मान हलवली, पलंगावरची बॅग त्यांना दिसली की नाही कोण जाणे, आणि ताईसमोर उभं राहून त्यांनी ट्रामबाईंशी बोलायच्या त्याच सावकाश, स्वच्छ आवाजात विचारलं, "तुला काय आवडतं?"

ताई म्हणाली, "काही नाही."

"पूर्ण वाक्यात सांग," भावजी म्हणाले. सवयीने म्हणाले, त्यात काही नव्हतं. तोंडातून निघून गेल्यावर त्यांचं त्यांनाच कसंतरी झालं असावं, कारण त्यांनी मोबाइल जरा खाली घेतला.

ताईने साडी बॅगेत ठेवली. मग वळून म्हणाली, "मला लेकीकडे जाऊन राहायला आवडेल. मला परत यायला आवडणार नाही."

 भावजींनी आता बॅगेकडे बघितलं. मोबाइलमधून, कमरेच्या उंचीवरून, ट्रामबाईंचा आवाज आला. वाक्य बरोबर आहे का, त्या विचारत होत्या.

भावजींनी मोबाइल तोंडाशी नेला. मग म्हणाले, "बरोबर आहे."

मला वाटलं होतं आता तरी ते काहीतरी बोलतील, जाऊ नको म्हणतील, निदान रागावतील. ते पुढे गेले, मोबाइल बंद केला आणि फडकं घेऊन काचा पुसत बसले. डबाभर काचा पुसून झाल्यावर त्यांनी त्या पुन्हा पहिल्यापासून पुसल्या. मी त्यांना जाता जाता चार शब्द सुनावणार होते, पण त्यांच्याकडे बघून मला ते जमलं नाही. याचा मला अजून राग आहे.

सोमवारी त्यांनी ताईची बॅग बसपर्यंत उचलून नेली. बस हलताना खिडकीपाशी येऊन म्हणाले, पोचलीस की मला कळव. ताई सांगते, वाक्य पूर्ण होतं. ती प्रवासात रडली की नाही ते मी विचारलं नाही.

ताई लेकीकडे रुळली. सकाळी फिरायला जायला लागली, खाली राहणाऱ्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईशी तिची गट्टी जमली. भाची म्हणाली, आई एवढं बोलते हे मला माहीतच नव्हतं. पोचल्याचं ताईने कळवलं होतं. त्यावर भावजींचं 'हं' आलं होतं. मी म्हटलं, संपलं, सुंठीवाचून खोकला गेला.

दोन-तीन आठवड्यांनी एका रविवारी मी तिथेच होते. दुपारी जेवणं झाली आणि ताईचा मोबाइल वाजला. भावजींच्या वर्गाची वेळ. ताईने मला खुणेने जवळ बसवलं आणि मोबाइल टेबलावर उघडा ठेवला, साक्षीदार असावा म्हणून.

भावजींनी इकडचं तिकडचं काही विचारलं नाही. घसा साफ केला आणि म्हणाले, "अर्धा तास तुझा, अर्धा तास माझा. मी मधे बोलणार नाही."

 ताईने माझ्याकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, टेबलावरचा एक तुकडा बोटाने सरकवला. मला वाटलं आता तिकडून फोन ठेवल्याचा आवाज येणार. आवाज आला तो, "सावकाश. घाई नाही," असा.

मग ताई बोलायला लागली. आधी फिरायच्या रस्त्याबद्दल, मग त्या शिवणकामवाल्या बाईबद्दल, मग एकदम त्या दोन कापडांबद्दल, जी तिने पडद्यांसाठी आणली होती आणि ज्यातलं तिला निळं हवं होतं. मधे ती शब्दासाठी अडली तेव्हा मी तो सांगायला तोंड उघडलं, तर तिने हात करून मला गप्प केलं. तिकडे कोणी हललंही नाही. दोनदा मला वाटलं फोन तुटला, पण भावजींचा श्वास ऐकू येत होता. माझी ताई अर्धा तास बोलली आणि तिचं एकही वाक्य अर्धवट राहिलं नाही.

त्यांच्या पाळीला भावजींकडे फारसं काही निघालं नाही. नळाची तोटी बदलली. एका आजींना त्यांनी चुकीच्या नंबरचा चष्मा दिला, असं पहिल्यांदाच झालं. ट्रामबाईंनी ताईची चौकशी केली, आणि त्या आता सुनेलाच विचारणार आहेत की अभ्रे कुठले घेतलेस. मग ते थांबले. आम्हीही थांबलो. नियमच होता. थोड्या वेळाने ते म्हणाले, "तू नाहीस तर मला घरात करमत नाही. पूर्वी तू असताना मी हे कधी म्हटलं नाही."

अजून त्यांची बरीच मिनिटं उरली होती, पण त्यांनी आपला अर्धा तास संपल्याचं जाहीर केलं. मग वर्गाचा शेवटचा नियम आला. त्यांनी विचारलं, "आता सांग. माझं काय चुकलं?"

ताईने पदर सारखा केला आणि मोबाइल जवळ ओढला. "त्याला अर्धा तास पुरायचा नाही," ती म्हणाली.

पलीकडे भावजींनी स्टूल पुढे ओढल्याचा आवाज आला.